सहाशे पानांचा खेळ, आठ पानांचा खेळ

पंच हे काही त्याचं खरं नाव नव्हे. त्याचा धंदा कवळ्या बनवण्याचा. दातांचे डॉक्टर जबड्याचे ठसे पाठवायचे, हा त्यात प्लास्टर ओतायचा, मेणात एकेक दात बसवायचा आणि घासूनपुसून कवळी डबीत घालून परत धाडायचा. पण रविवारी दुपारी कामाचं तेच टेबल ओल्या फडक्याने पुसून तो खेळ मांडायचा, आणि खेळात शेवटचा शब्द त्याचा असायचा. म्हणून तो पंच. एकोणीस वर्षं झाली, आता त्याची बहीणसुद्धा फोनवर त्याला पंच म्हणायची.

खेळ कल्पनेतला. तिघांनी एकेक पात्र घ्यायचं आणि वर्षानुवर्षं तेच सांभाळायचं. पंचाने सांगायचं की समोर काय आहे: दरी आहे, कुलूपबंद दार आहे, पुलावर राक्षस बसलाय. आपलं पात्र काय करतं ते ज्याने त्याने बोलायचं, आणि ते साधलं की फसलं हे फाशांनी आणि नियमांच्या पुस्तकाने ठरवायचं. पुस्तक सहाशे पानांचं होतं. त्यात तलवारीच्या घावाचे तक्ते होते, मंत्रांचे तक्ते होते, ओल्या लाकडाला आग लागायला किती वेळ लागतो याचासुद्धा तक्ता होता. फासे सात प्रकारचे, चार बाजूंच्या फाशापासून वीस बाजूंच्या फाशापर्यंत.

टेबलाशी बाई असायच्या. त्या शाळेत भूमिती शिकवत आणि खेळात ढालवाल्या लढवय्यीचं पात्र करत. त्यांना लढाई आवडायची, म्हणजे लढाईचा हिशोब आवडायचा. कोण कुठे उभा राहिला की कोणाची पाठ झाकली जाते, हे त्या चौकटीच्या कागदावर पेन्सिलीने आखून दाखवत. दुसरा टपालवाला. त्याचं पात्र चोराचं, आणि त्याला चोरीपेक्षा थापा मारण्यात रस. लढाई सुरू झाली की तो जांभया द्यायचा आणि पहारेकऱ्याला बोलण्यात गुंडाळायची वेळ आली की खुर्चीच्या टोकाशी सरकायचा.

आणि तिसरा मास्टर. शिवणाच्या दुकानात कापड कापणारा कटर मास्टर. पंचाचा जुना मित्र. दोघं तिशीत असताना त्यांनी मिळून ते जाडजूड पुस्तक घेतलं होतं आणि पहिली दोन वर्षं दोघंच खेळले होते. मास्टरच्या जादूगाराचं नाव काजळ्या, कारण पहिल्याच मंत्रात त्याने स्वतःच्या भुवया जाळून घेतल्या होत्या. मास्टरची स्मरणशक्ती म्हणजे तोंडात बोट घालावं अशी. दुकानात गिऱ्हाईक चार वर्षांनी आलं तरी तो टेप न काढता त्याच्या कमरेचं माप सांगायचा, वर "दोन बोटं वाढली आहेत बरं का" असं हळूच जोडायचा. तीच गोष्ट खेळात. पंच पुस्तक उघडायच्या आत मास्टर म्हणायचा, "पान दोनशे चौदा, तिसरी ओळ." आणि ती तिसरीच ओळ निघायची. पुस्तकाच्या समासात त्याच्या बारीक अक्षरातल्या टिपा होत्या. बाईंना हिशोब आवडायचा, टपालवाल्याला गप्पा आवडायच्या, पण पुस्तकावर जीव होता तो या दोघांचा, पंचाचा आणि मास्टरचा.

म्हणूनच मास्टरने एका रविवारी खिशातून ती पातळ चोपडी काढली तेव्हा पंचाला पहिल्यांदा ती थट्टाच वाटली.

आठ पानं. वर घडी पडलेली. मास्टरने ती टेबलावर ठेवली आणि सांगितलं की हा वेगळ्या पद्धतीचा खेळ आहे. एकच फासा, सहा बाजूंचा. जास्त पडलं तर जमलं, कमी पडलं तर फसलं, मधलं पडलं तर जमलं पण काहीतरी गमवावं लागलं. बाकी सगळं बोलून ठरवायचं. तक्ते नाहीत. आपली पात्रं तीच ठेवू, तीच गोष्ट पुढे नेऊ, फक्त पद्धत बदलू.

टपालवाला खूश झाला. बाईंनी चोपडी चाळली, मागची बाजू उलटून पाहिली, उरलेली पानं कुठे गेली असं विचारलं. मग म्हणाल्या की हे सगळं ठीक आहे, पण आपण लढाई हुशारीने जिंकलो की पंचांनी दया दाखवली, हे कळणार कसं? पंचाला मास्टरकडून हे अपेक्षित नव्हतं. गेलं वर्षभर मास्टर जरा ढिलाच पडला होता, हे त्याच्या लक्षात आलं होतं. फासे टाकून बघत बसायचा, "बाई, तुमचं गणित पक्कं, तुम्हीच बेरीज करा" म्हणायचा, आपली पाळी आली की आधी चहा ओतून घ्यायचा. पंचाने त्याचा अर्थ लावला होता की याचं मन उडालंय. आता ही चोपडी पाहून त्याची खात्रीच पटली. तरी इतक्या वर्षांचा मित्र, म्हणून तीन रविवार खेळून बघायचं ठरलं.

पहिला रविवार टपालवाल्याचा गेला. त्याच्या चोराने एका पहारेकऱ्याला तो स्वतःच चोर आहे असं पटवून दिलं आणि सगळे हसून बेजार झाले.

दुसऱ्या रविवारी पुलावरचा राक्षस आला. जुन्या खेळात हा दोन तासांचा मामला झाला असता. मास्टरचा काजळ्या मात्र काठी बाजूला ठेवून राक्षसाशेजारी बसला आणि त्याला गुडघे दुखतात का विचारू लागला. मग मास्टर जवळजवळ पाव तास बोलत राहिला. इतकी वर्षं एकाच पुलावर बसून राक्षसाला काय काय आठवेनासं झालं असेल, आपण पूल राखतोय की पूल आपल्याला राखतोय हेही त्याला आता सांगता येत नसेल, असं काहीबाही. बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. फासा टाकायची गरजच पडली नाही, राक्षस उठून बाजूला झाला. पंचालाही ते आवडलं होतं. पण आवडलं म्हणूनच त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. नियमाशिवाय असं होऊ शकतं, तर गेली एकोणीस वर्षं आपण काय केलं, असं त्याला वाटलं.

तिसऱ्या रविवारी घोडं अडलं ते एका दगडी दारापाशी.

मास्टर म्हणाला की काजळ्या मंत्र म्हणतो आणि दार उघडतं. पंचाने विचारलं, कुठला मंत्र? मास्टर म्हणाला, आहे एक. पंच हटून बसला. नवीन पद्धतीत मंत्राचं नाव सांगायची गरज नव्हती, हे त्यालाही ठाऊक होतं. पण त्याला ते नाव मास्टरच्या तोंडून ऐकायचंच होतं.

"दोनशे चौदा," पंच म्हणाला. "झोपेत विचारलं तरी सांगायचास. आता नाव पण घ्यायचं नाही?"

"मला नाही रे तसं खेळायचं आता."

"खेळायचं नाही की कंटाळा आलाय? स्पष्ट सांग ना. ज्यांचं डोकं चालत नाही त्यांच्यासाठी आहे हा खेळ. तुझं चालेनासं झालं म्हणून आम्ही सगळ्यांनी का आपली डोकी गहाण टाकायची?"

बाई "अहो पंच" एवढंच म्हणाल्या. मास्टर त्याच्याकडे बघत राहिला. रागाने नव्हे, कोणी आपलं नेमकं माप सांगितल्यावर बघावं तसा. मग त्याने चोपडी उचलली, उभी घडी घालून खिशात ठेवली.

"बरोबर आहे तुझं," तो म्हणाला आणि जिना उतरून गेला.

त्याच्या मागोमाग टपालवालाही गेला. बाई पुढचे दोन रविवार आल्या, पण दोघांत खेळ रंगेना. एक लढवय्यी आणि एक पंच, मध्ये भलंमोठं पुस्तक. तिसऱ्या रविवारी त्यांनी परीक्षेचे पेपर तपासायचे आहेत असं कळवलं, आणि पेपर संपल्यावरही त्या आल्या नाहीत. मास्टरकडे दुसरं टेबल मांडलंय असं पंचाच्या कानावर आलं. त्याने मनात म्हटलं, मांडा. रविवारी तो एकटाच बसून जुन्या नियमांत सुधारणा लिहायचा, म्हणजे मास्टर कधी परत आला तर त्याला दाखवता येतील. आधी फोन मात्र त्याने करावा. आपण का करायचा?

फोन आला, पण मास्टरच्या बायकोचा. दोनदा. पंचाने दोन्ही वेळा तो वाजू दिला. त्याला वाटलं, वहिनी मध्यस्थी करणार. भांडण आमचं दोघांचं, त्यात बायकोला का पुढे करतो? असे आठ महिने गेले.

मग एकदा सकाळी टपालवाला रजिस्टर पत्र घेऊन आला. सही घेऊन झाल्यावरही तो दारातच घुटमळला. पंचाने कोरडेपणाने विचारलं, कसं चाललंय तुमचं टेबल?

टपालवाला म्हणाला की टेबल केव्हाच उठलं. चार-पाच रविवार खेळलो असू. मास्टर दर वेळी त्याला विचारायचा, माझ्या जादूगाराचं नाव काय? "मला वाटायचं गंमत करतोय," टपालवाला म्हणाला. "मी दर वेळी वेगळं नाव सांगायचो, तो तेच धरून खेळायचा. मी हसायचो रे. मी महिनाभर हसत होतो." त्याने पिशवी खांद्यावर चढवली आणि पुढे म्हणाला की मास्टर आता दुकानातही जात नाही.

हातातलं काम तसंच टाकून पंच निघाला. मेणात अर्धे दात बसवलेला जबडा टेबलावर उघडाच राहिला.

मास्टरच्या बायकोने दार उघडलं, पण त्याला लगेच आत घेतलं नाही. तिने दार मागे लोटून घेतलं आणि दोघं जिन्यातच उभी राहिली.

ती रागावली असती तर पंचाला बरं वाटलं असतं. तिने शांतपणे सगळं सांगितलं. विसरण्याचा आजार. वय चोपन्न, या वयातही होतो म्हणे. आधी आकडे गेले. दुकानात एका कोटाची एक बाही आखूड कापली गेली, मग दुसऱ्याची. मापं वहीत लिहायला लागले, मग वही कुठे ठेवली ते आठवेना. डॉक्टरांनी सांगितलं त्याला आता दोन वर्षं होत आली.

"म्हणजे चोपडी आणली तेव्हा..." पंच म्हणाला.

"त्याच्या कितीतरी आधी, भाऊजी. ती चोपडी त्यांनी चार दुकानं फिरून शोधली. दुकानदाराला म्हणाले, ज्यात काही लक्षात ठेवावं लागत नाही असा खेळ द्या. तुमच्या टेबलावरून त्यांना उठायचं नव्हतं."

पंचाने विचारलं की मग मला सांगितलं का नाही.

"मी म्हटलं होतं सांगा म्हणून. तर म्हणाले, पंचाला कळलं तर तो मला सांभाळून घेईल. माझे आकडे गुपचूप वाढवून देईल. मला खेळायचंय, सांभाळून घ्यायला नकोय." तिने मागचं दार पुन्हा नीट ओढून घेतलं. "तुम्ही त्या दिवशी काय बोललात ते त्यांनी घरी सांगितलं. म्हणाले, पंच खोटं कधीच बोलत नाही. मी दोनदा फोन केला, तो एवढ्यासाठीच की त्यांना तुम्ही आठवत होतात तोवर येऊन जावं."

आत मास्टर खिडकीशी बसला होता. दाढी नीट केलेली, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, गळ्यात मापाची टेप. पंचाला पाहून तो हसला. उठून उभा राहिला.

"या, या. बसा ना. काय शिवायचंय तुम्हाला?"

एकोणीस वर्षं आणि त्याआधीची दोन, या माणसाने पंचाला कधी तुम्ही म्हटलं नव्हतं. लेकीच्या लग्नाच्या मांडवात नाही, भांडणात नाही. पंच उभाच राहिला. मास्टरने गळ्यातली टेप काढून त्याच्या खांद्यांवर लावली, पाठीवरून उतरवली, आकडा वाचल्यासारखं करून मान डोलावली. पंचाने हात पसरून माप घेऊ दिलं. वहिनी आत चहा ठेवायला गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

त्यानंतर पंच दर गुरुवारी दुपारी जायला लागला. रविवारी जाणं त्याला झेपेना. चोपडी वहिनीने कपाटातून काढून दिली. पंचाने ती पहिल्यांदा नीट वाचली. वाचायला एक चहा संपेपर्यंतचा वेळ लागला. ती पद्धत त्याला तेव्हाही आवडली नाही आणि नंतरही नाही, हे सांगायला हवं. सैल वाटायची. हाताला काही लागायचं नाही. तरी त्याने ती मांडली.

काही गुरुवार चांगले गेले. पंच सांगायचा की समोर जंगल आहे, झाडाखाली एक जखमी लांडगा पडलाय. मास्टर ऐकायचा आणि म्हणायचा, त्याला पाणी द्या. फासा हातात दिला तर तो टाकायचा, आणि किती पडलं याच्याशी त्याला काही देणंघेणं नसायचं. एकदा पंचाने सवयीने एक दरोडेखोर पुढे आणला, तर मास्टर घाबरला. "नको, नको, त्याला मारू नका. घरी वाट बघत असतील त्याची. जाऊ द्या." पंचाने त्याला जाऊ दिलं. मग पुढे त्याने दरोडेखोर आणलेच नाहीत. लांडगे आणले, वाट चुकलेले व्यापारी आणले, दार उघडायची वेळच येऊ नये म्हणून सगळी घरं उघडी ठेवली. एकोणीस वर्षांत त्याने कोणालाही एवढी सूट दिली नव्हती, आणि आता देत होता तर ती कोणाच्या लक्षात येत नव्हती.

बाई एकदा आल्या. मास्टरने त्यांनाही माप घ्यायला उभं केलं. त्या हसून उभ्या राहिल्या, निरोप घेतला आणि जिन्यात पायरीवर बसून रडल्या. पंच शेजारी बसला. त्या म्हणाल्या की त्यांची बेरीज मीच करत होते पंच, वर्षभर मीच करत होते, मला कसं कळलं नाही? मुलांची एक चूक माझ्या नजरेतून सुटत नाही. पंच स्वतःला तेच विचारत होता.

हळूहळू गोष्ट आखूड होत गेली. आधी मास्टर लांडग्यासाठी पाणी मागायचा, मग नुसतं ऐकायचा, मग ऐकता ऐकता टेपची गुंडाळी करून पुन्हा सोडायचा. एका गुरुवारी त्याने फासा तोंडात टाकला. वहिनीने बोट घालून तो बाहेर काढला आणि पदराला पुसून पंचाच्या हातात ठेवला. पंचाने तो खिशात घातला आणि पुन्हा कधी बाहेर काढला नाही. त्यानंतर तो नुसताच गोष्ट सांगायचा. मास्टर झोपून गेला तरी थांबायचा नाही, कारण दुसऱ्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या वहिनीचा हात मध्येच थांबलेला त्याला दिसायचा.

शेवटी त्यांची लेक आली. दुसऱ्या गावी तिचं घर मोठं होतं, तळमजल्यावर होतं, आणि आईच्याने आता एकटीने होत नव्हतं. तिने पंचाला बाजूला घेऊन सांगितलं, "काका, मला माहितेय तुम्ही येता ते. पण बाबांचं करून करून वाकलेली आईची पाठ बघवत नाही." पंच म्हणाला की तू बरोबर करते आहेस. ते खरंही होतं.

निघायच्या दिवशी खोल्या रिकाम्या झाल्या होत्या. वहिनी आणि लेक खाली गाडीत सामान लावत होत्या. मास्टर आतल्या खोलीत उरलेल्या एकुलत्या खुर्चीवर बसला होता, पायात बूट घालून तयार. पंच त्याच्यासमोर उकिडवा बसला. हे बोलणं त्याने इतके दिवस पुढे ढकललं होतं, कधी मास्टर चांगल्या मनःस्थितीत आहे म्हणून, कधी नाही म्हणून.

"मी तुला एकदा फार वाईट बोललो होतो," तो म्हणाला. "डोकं चालत नाही म्हणालो. मला माहीत नव्हतं. पण माहीत नसतानाही बोलायला नको होतं. माझं चुकलं."

मास्टरने लक्षपूर्वक ऐकलं. गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं की दुकानात तो असाच ऐकायचा, मान किंचित कलती करून. मग त्याने पंचाच्या खांद्यावर हात ठेवला, शिवण चाचपून पाहिली.

"अहो, चालायचंच. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. पुढच्या वेळी जरा सैल करून देतो."

"हो," पंच म्हणाला. "द्या करून."

खालून लेकीने हाक मारली. पंचाने मास्टरला दंडाला धरून जिना उतरवला, एकेका पायरीवर थांबत. गाडीत बसताना मास्टरने त्याला नमस्कार केला, वाट दाखवणाऱ्या अनोळखी माणसाला करावा तसा. वहिनीने काचेतून हात बाहेर काढून पंचाचा हात एकदा घट्ट दाबला. गाडी कोपऱ्यावर वळली.

संध्याकाळपर्यंत एका म्हाताऱ्या बाईंची वरची कवळी द्यायची होती, डॉक्टरांचा सकाळीच निरोप आला होता. पंच चालत कामाच्या खोलीवर आला. दिवा लावून टेबलाशी बसला, मेण गरम केलं. डोळ्यांतलं पाणी मेणात पडू नये म्हणून दोनदा उठला, तोंड धुऊन पुन्हा बसला. पुढचे चार दात जरा तिरके बसले होते. ते काढून त्याने परत बसवले.